एक दिवस आधीचे विद्यापीठ

दरवर्षी दिवाळीची सुट्टी लागण्याआधी मी आमच्या शाळेतील नववीच्या वर्गाला घेऊन बडोद्याचे विद्यापीठ दाखवायला जातो. आमची शाळा मराठी माध्यमाची, जुन्या शहरातली. दांडिया बाजारातून निघायचे, विश्वामित्रीचा पूल ओलांडायचा आणि काळ्या घोड्यापाशी क्षणभर थांबायचे. घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज मुलांना दाखवायचे, आणि मग सयाजीगंजातून कला शाखेच्या त्या मोठ्या घुमटाखाली येऊन उभे राहायचे, असा आमचा ठरलेला क्रम आहे. विजापूरच्या गोल घुमटाच्या खालोखाल आपलाच घुमट, असे बडोदेकर अभिमानाने सांगतात. मुले मान वर करून पाहतात, एखादा द्वाड मुलगा आवाज घुमतो का म्हणून ओरडून पाहतो आणि मी त्याला दटावतो.

काही वर्षांपूर्वी असेच उभे असताना एका मुलीने मला विचारले, "सर, महाराज आपलेच होते ना? मग इथे एकही पाटी मराठीत कशी नाही?"

मी इतिहासाचा एम.ए. आणि याच घुमटाखाली शिकलेला. तरीही त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. "पुढे सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. शिक्षकाच्या तोंडचे "पुढे सांगतो" म्हणजे काय असते, हे मुलांना बरोबर कळते. ती काही बोलली नाही. बेळगाव, निपाणी, कारवार, गोवे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा दुभाषिक मुलखांत राहणाऱ्या वाचकांना या प्रश्नाची धार मी समजावून सांगायला नको. पाटी कोणत्या भाषेत, यावरून आपल्याकडे घरे दुभंगली आहेत आणि आंदोलने झाली आहेत. म्हणून त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आज सविस्तर लिहितो आहे.

प्रारंभ एका तारखेपासून करू. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. अठराव्या शतकात पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले, तेव्हापासून चालत आलेली ही सत्ता त्या दिवशी संपली. आणि त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० एप्रिल १९४९ रोजी, 'महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे' अस्तित्वात आले. ज्या कायद्याने ते स्थापन झाले, तो मुंबई प्रांताचा कायदा नव्हता. तो बडोदे संस्थानाचा स्वतःचा, १९४९ सालचा सतरावा कायदा होता. दिवा मालवण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने तिजोरीची किल्ली लेकरांच्या हाती द्यावी, तसे हे झाले. एक दिवस उशीर झाला असता तर बडोदे संस्थानाला असा कायदा करण्याचा अधिकारच उरला नसता.

हे काम केले ते प्रतापसिंहराव गायकवाडांनी. स्वप्न मात्र त्यांच्या आजोबांचे, सयाजीरावांचे होते, आणि त्या स्वप्नाला विद्यापीठाचे रूप येण्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षांची पायाभरणी झालेली होती.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, ही कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो लहान असताना दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत. त्यांच्याच काळात १८७९ साली बडोदे कॉलेजची कोनशिला बसली आणि १८८१ मध्ये कॉलेज सुरू झाले. आजची कला शाखा ती हीच. इमारतीचे शिल्पकार रॉबर्ट चिझम. त्याच १८८१ च्या डिसेंबरात सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. म्हणजे राजा आणि कॉलेज दोघेही एकाच वर्षी कामाला लागले, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु हे कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. अभ्यासक्रम मुंबईचा, पदवी मुंबईची. परीक्षेसाठीसुद्धा मुलांना मुंबईची गाडी धरावी लागे. विनायक नरहर भावे नावाचा बडोदे कॉलेजातला एक विद्यार्थी १९१६ साली इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाला. वाटेत सुरतेला उतरला आणि घरी न कळवता काशीकडे गेला. पुढे सारा देश त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागला. निघण्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती, हेही प्रसिद्ध आहे. मी मुलांना ही गोष्ट सांगतो, पण प्रमाणपत्रांचा भाग जरा घाईने उरकतो. याच कॉलेजात श्री. अरविंद घोष फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत. १८९३ ते १९०६ ही त्यांची बडोद्यातली वर्षे. येथे राहून ते मराठी आणि गुजराती दोन्ही भाषा शिकले. त्यांच्या विद्यार्थ्यांत कन्हैयालाल मुनशी होते. एवढी माणसे ज्या वास्तूत वावरली, तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मात्र नव्हता.

कॉलेजच्या आसपास एकेक संस्था उभी राहत होती. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, रसायन, छायाचित्रण असे हाताला आणि डोक्याला एकदम काम देणारे शिक्षण तेथे मिळे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच चित्रपटाचे दादासाहेब, या कलाभवनाचे विद्यार्थी. १९१५ साली संस्कृत महाविद्यालय निघाले. त्याच सुमारास 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' ही प्राचीन ग्रंथांची माला सुरू झाली, आणि राजशेखराची 'काव्यमीमांसा' हा तिचा पहिला ग्रंथ ठरला. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यातच भरली. १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. या सर्वांच्या मुळाशी शाळा होतीच. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू करण्यात आला. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून महाराजांनी गावोगाव वाचनालये पोहोचविण्याची व्यवस्था केली. वर घुमट चढवण्याआधी खाली पाया किती रुंद घातला होता, हे यावरून दिसेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या साऱ्या कारभारात मराठी कोठे होती?

गायकवाडांच्या दरबाराचे जुने दप्तर मोडीतले, मराठीतले. राज्यकर्ते मराठी, सरदार-मानकरी मराठी, कारकुनांची मोठी संख्या मराठी. दांडिया बाजार, रावपुरा, घडियाळी पोळ या भागांतले वाडे आजही त्याची साक्ष देतात. पण प्रजेची भाषा गुजराती होती. सयाजीराव स्वतः गुजराती शिकले आणि त्यांनी राज्याचा कारभार गुजरातीत आणला. ज्या शेतकऱ्याला सारा भरायचा, त्याला हुकूम वाचता आला पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार. प्राथमिक शिक्षण मुख्यत्वे गुजरातीत दिले गेले आणि जेथे मराठी मुले होती तेथे मराठी शाळाही चालू राहिल्या.

येथे हैदराबादच्या आणि मराठवाड्याच्या वाचकांना एक तुलना चटकन आठवेल. १९१८ साली निजामाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन केले. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेत देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. शास्त्र, वैद्यक, कायदा सारे उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर खाते उघडले गेले, आणि त्या कामाचे मोल कमी लेखू नये. पण राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. औरंगाबाद-परभणीच्या मुलाला पदवीपर्यंत जायचे तर उर्दूचा उंबरठा ओलांडूनच जावे लागे. १९४८ साली सत्ता गेली आणि विद्यापीठाचे ते माध्यमही लवकरच गेले. सिंहासनाच्या आधाराने चढलेली भाषा सिंहासनाबरोबर खाली उतरली.

बडोद्याच्या राजालाही हे करता आले असते. मराठीत विद्यापीठ काढण्याइतका पैसा त्याच्यापाशी होता, विद्वान होते आणि मराठीचे प्रेम तर होतेच. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली. १९३२ साली कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द सयाजीरावांनी भूषविले. कवी चंद्रशेखर आणि नंतर यशवंत हे बडोद्याचे राजकवी होते. पण मराठीसाठी त्यांनी हुकूम काढला नाही. त्यांनी पुस्तके काढली. १९१२ साली दोन लाख रुपये बाजूला ठेवून त्यांच्या व्याजातून 'श्री सयाजी साहित्यमाला' सुरू करण्यात आली. तिच्यातून गुजराती आणि मराठी अशा दोन्ही भाषांत ज्ञानाची पुस्तके निघाली. १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' नावाचा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द त्यात दिले आहेत. कचेरीतला एक शब्द आठ भाषांत मांडून पाहणारा राजा आपल्या भाषेचा वैरी नव्हता. भाषा ही लादायची वस्तू नसून कामाला लावायची वस्तू आहे, एवढे त्याला कळले होते.

महाराजांचे सारेच गुणगान करून इतिहास पुरा होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले, तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. विद्यापीठाशेजारच्या कमाटीबागेत एका झाडाखाली ते बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. ज्या शहराच्या राजाने शिक्षणाला पैसा दिला, त्या शहराच्या रहिवाशांनी खोली दिली नाही. विद्या देणारी संस्था राजाला काढता येते. समाजाचे दार मात्र समाजालाच उघडावे लागते. आमच्या सहलीत मी मुलांना घुमटानंतर त्या जागीही नेतो, आणि घुमटाखाली ओरडणारा मुलगा तेथे गप्प असतो.

स्वतंत्र विद्यापीठाचा विचार मधूनमधून डोके वर काढत होता. १९२६-२७ साली बडोदे कॉलेजचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक विजरी यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला आणि त्याने विद्यापीठाची योजना मांडली. योजना कागदावर राहिली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव वारले. त्यानंतर महायुद्ध, मग स्वातंत्र्य, मग संस्थानांचे विलीनीकरण अशा घटना धडाधड घडत गेल्या. विलीनीकरणाची तारीख समोर दिसू लागली तेव्हा जे सत्तर वर्षांत झाले नव्हते, ते तडीस गेले. आजोबांच्या नावाचा एक विश्वस्त निधीही प्रतापसिंहरावांनी शिक्षणासाठी उभा केला. पुढे दोनच वर्षांत, १९५१ मध्ये, भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदावरून दूर केले. राजा गेला, पण विद्यापीठ चालू राहिले.

१९४९ हे वर्ष आपल्या भागातल्या शिक्षणाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुंबई विद्यापीठाचा अवाढव्य पसारा त्या वर्षी वाटला गेला. पुणे विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झाले. बेळगाव-धारवाडकडच्या मुलांसाठी कर्नाटक विद्यापीठ आणि अहमदाबादेला गुजरात विद्यापीठही त्याच वर्षीचे. ही तिन्ही विद्यापीठे भाषावार प्रदेशांचा विचार मनात धरून निघाली होती आणि दूरदूरची महाविद्यालये त्यांना जोडली गेली. बडोद्याचे विद्यापीठ वेगळे होते. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांतली महाविद्यालये जोडून घेतली नाहीत. एक शहर, त्याचा लगतचा परिसर, आणि शिकवणारे प्राध्यापक, वसतिगृहे, ग्रंथालय, प्रयोगशाळा सारे एकत्र, अशी त्याची घडण होती. शिकवण्याचे माध्यम सर्वांना सारखेच, इंग्रजी.

पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता यांची ही कन्या, आणि संस्थानाचे अखेरच्या काळातले दिवाण व पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांची पत्नी. पण ही ओळख अपुरी आहे. घटना समितीच्या त्या सभासद होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' याऐवजी 'सर्व मानव' असे शब्द आले ते त्यांच्या आग्रहाने. १९४९ ते १९५८ त्या कुलगुरू होत्या. मुले आणि मुली दोघेही शिकतात अशा विद्यापीठाचे कुलगुरुपद त्या काळी स्त्रीकडे असणे ही अपूर्व गोष्ट होती. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे.

त्यांच्या कारकिर्दीत जुन्या संस्थांच्या शाखा झाल्या आणि नव्या शाखांची भर पडली. बडोदे कॉलेजातून कला आणि विज्ञान शाखा निघाल्या. कलाभवनाचे तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत रूपांतर झाले. गायनशाळेतून आजची संगीत, नृत्य आणि नाट्याची शाखा आली. वैद्यकीय महाविद्यालय, समाजकार्य आणि गृहविज्ञान यांचा प्रारंभ १९४९-५० च्या सुमाराचा. वाणिज्य, शिक्षणशास्त्र, कायदा, पुढे व्यवस्थापन आणि पत्रकारिता असा विस्तार होत गेला. बालवाडीपासून पीएच.डी.पर्यंत सर्व पायऱ्या एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली असल्याचे दृश्य येथे दिसते. गृहविज्ञान शाखेची प्रायोगिक बालवाडी आहे आणि विद्यापीठाची स्वतःची प्रायोगिक शाळाही आहे. आज तीस हजारांहून अधिक विद्यार्थी येथे शिकतात.

१९५० मध्ये ललितकला शाखा उघडली. चित्रकला विभागाची जबाबदारी घेण्यासाठी नारायण श्रीधर बेंद्रे आले. ते इंदूरचे. होळकरांच्या इंदुरात वाढलेला मराठी चित्रकार गायकवाडांच्या बडोद्यात आला आणि त्याने देशभरातले विद्यार्थी घडवले. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांच्या पिढीची नावे कलाजगतात कोण जाणत नाही? शिल्पकलेत शंखो चौधरी होते, पुढे के. जी. सुब्रमण्यन आले. एक इंदूरकर मराठी, एक बंगाली आणि एक केरळात वाढलेले तमिळ शिक्षक मिळून गुजरातेत जी कला शिकवत होते, तिला देशाने 'बडोद्याची' म्हणून ओळखले.

दुसरे उदाहरण माझ्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपण जाणतो. रामायणाचे तसलेच काम बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९५१ मध्ये हाती घेतले. ठिकठिकाणची हस्तलिखिते जमवून, पाठ ताडून, १९६० ते १९७५ या काळात सात कांडे प्रसिद्ध झाली. बालकांडाचे संपादक गो. ह. भट्ट, तर उत्तरकांडाचे उमाकांत शाह, दोघेही गुजराती. अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादन केले ते महाराष्ट्रातले पंडित परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी. सात खंड कपाटात शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांपैकी कोणता मराठी माणसाचा आणि कोणता गुजराती माणसाचा हे आतले पान उघडल्याशिवाय कळत नाही.

आणि विज्ञानाचे उदाहरण हवे असेल तर १९७१ साली येथून भौतिकशास्त्राची बी.एस्सी. झालेले वेंकटरामन रामकृष्णन. त्यांचे वडील याच विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले त्यांत ते एक होते. ती बातमी आली तेव्हा आमच्या शाळेतही पेढे वाटले गेले. त्यांचा आमच्या शाळेशी काडीचाही संबंध नाही, पण गावचा मुलगा म्हटल्यावर पेढे वाटायचे असतात.

इंग्रजी माध्यमाची किंमतही सांगितली पाहिजे. ज्या काळात गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू मगनभाई देसाई गुजराती माध्यमाचा आग्रह धरत होते आणि लोक गमतीने त्याला 'मगन माध्यम' म्हणत होते, त्या काळातही बडोदे इंग्रजीवर टिकून राहिले. त्यामुळे देशभरचे शिक्षक आणि विद्यार्थी येऊ शकले, हे खरे. पण गुजराती शाळेतला असो वा मराठी शाळेतला, स्थानिक मुलगा पहिल्या वर्षी बावरून जातो हेही तितकेच खरे. मी एफ.वाय.ला बसलो तेव्हा पहिले सत्र निव्वळ शब्दकोशात गेले. व्याख्यानातले नाव आणि साल तेवढे कळे, मधले सारे वाक्य डोक्यावरून जाई. मला दोष द्यायचा तो माझ्या इंग्रजीला. एका प्राध्यापकांनी, जे स्वतः मराठी नव्हते, मला व्हरांड्यात थांबवून विचारले, "घरी कोणत्या भाषेत विचार करतोस?" मी म्हटले, मराठीत. ते म्हणाले, "मग उत्तर आधी मराठीत लिही. विचार पक्का झाला की इंग्रजीत आण." त्या वह्या अजून माझ्यापाशी आहेत. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. पहिल्या वर्षाच्या वहीत डावी पाने भरलेली आणि उजवी अर्धवट आहेत. एम.ए.च्या वहीत दोन्ही बाजू सारख्या आहेत. मराठीमुळे मी मागे पडलो असे मला तेव्हा वाटत होते. वह्या पाहिल्या की कळते, मी पुढे गेलो तो तिच्याच काठीवर.

विद्यापीठात मराठी आहे का? आहे. कला शाखेत गुजराती, हिंदी, संस्कृत यांच्या बरोबरीने मराठीचा विभाग आहे. मराठीत पदवी घेता येते. गावात मराठी वाङ्मय परिषद आहे आणि २०१८ साली तिच्या यजमानपदाखाली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. म्हणजे १९३४ नंतर ८४ वर्षांनी संमेलन पुन्हा या गावी आले, आणि ते कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे तर येथल्या मराठी लोकांच्या धडपडीवर.

काळाची आणखी एक गोष्ट सांगून उत्तराकडे येतो. गुजरात सरकारने २०२३ साली राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा केला. बडोद्याचे विद्यापीठही त्यात आले. सिनेट आणि सिंडिकेट जाऊन त्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. विलीनीकरणाच्या आदल्या दिवशीचा तो संस्थानी कायदा ७४ वर्षे टिकला आणि इतिहासजमा झाला. चांगले झाले की वाईट, यावर बडोद्यात दोन्ही बाजूंनी बोलले गेले. इतिहासाच्या शिक्षकाला त्यातून एवढेच दिसते, की राजाचा कायदा असो वा लोकशाहीचा, कोणताही कायदा कायमचा नसतो. मराठी पाटी जर १९४९ च्या कायद्यात लिहून ठेवली असती, तर २०२३ मध्ये ती खोडता आली असती. साहित्यमालेचे जुने पुस्तक मात्र आजही आमच्या शाळेच्या कपाटात आहे. त्याला वाळवी लागते, कायदा लागत नाही.

तर बाळे, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे. महाराज आपलेच होते, पण ते फक्त आपलेच नव्हते. ज्यांच्या सारा-पट्टीतून हे कॉलेज उभे राहिले ते बहुतेक गुजराती शेतकरी होते. आपल्या भाषेची पाटी त्यांच्या डोक्यावर न लावण्याइतका तो राजा न्यायी होता, आणि आपल्या भाषेची पुस्तके छापण्याइतका तिचा प्रेमीही. जेथे आपण राज्यकर्ते होतो तेथे आपल्या राजाने हा न्याय पाळला. म्हणूनच जेथे आपण थोडे आहोत तेथे तोच न्याय आपल्याला मागता येतो. आणि तो मागताना मान खाली घालावी लागत नाही. सीमाभागातल्या माझ्या बांधवांनी हे विसरू नये. मराठी मुलांसाठी मराठी शाळा ही मागणी हक्काची आहे. बडोद्याने गुजराती प्रजेला तिची भाषा दिली आणि मराठी मुलांच्या शाळाही बंद केल्या नाहीत. दोन्ही एकाच राज्यात, एकाच खजिन्यातून झाले. हे होऊ शकते, याला इतिहासाचा दाखला आहे.

पण शाळा मागणे आणि शाळेत मूल घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला काढायला येणारे पालक मला सांगतात, "सर, पुढे विद्यापीठात सगळं इंग्लिशमध्ये, मग आतापासूनच टाकलेलं बरं." मी त्यांच्यापुढे माझ्या वह्या ठेवतो. काही उलटून पाहतात, काही घड्याळ पाहतात. सही करून दाखला देणे हे माझे काम, ते मी करतो. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना मुलाचे हित हवे आहे आणि मलाही तेच हवे आहे.

यंदा नववीत १९ मुले आहेत. घुमट पाहायला आम्ही याही वर्षी जाणार आहोत. तो प्रश्न कोणी विचारला तर या वेळी "पुढे सांगतो" म्हणणार नाही. दोन्ही बाजू भरलेली एक वही बरोबर घेऊन जाणार आहे.